कुनिएदा यांच्या कारकिर्दीच्या कसोटीवर टेनिसची व्हीलचेअर

शिंगो कुनिएदा यांनी जानेवारी 2023 मध्ये निवृत्ती घेतली तेव्हा ते व्हीलचेअर टेनिसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर होते, आणि ग्रँड स्लॅम स्पर्धांची 50 विजेतेपदे (एकेरीची 28, दुहेरीची 22) व पॅरालिम्पिकची चार सुवर्णपदके त्यांच्या नावावर जमा होती. त्यांच्याविषयी लिहिताना जिद्द, संकट आणि मात हे शब्द फार लवकर येतात. ज्या वस्तूवर बसून ते हे सारे खेळले, तिच्याकडे मात्र क्वचितच कोणी लक्षपूर्वक पाहते. मी स्वतः कमरेखाली लुळेपणा असलेली, पुण्यात हौसेने आणि स्थानिक स्पर्धांपुरती खेळणारी खेळाडू आहे. माझी खुर्ची कुनिएदा यांच्या खुर्चीच्याच पद्धतीची, म्हणजे घडी न होणाऱ्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची आणि बसणाऱ्याच्या मापाने बांधलेली आहे. हे परीक्षण कोणा एका कंपनीच्या मालाचे नसून या प्रकारच्या खुर्चीचे आहे. कसोटी म्हणून मी कुनिएदा यांची कारकीर्द घेतली आहे, कारण अशी खुर्ची जास्तीत जास्त काय देऊ शकते आणि कोणत्या ठिकाणी तिचे काही चालत नाही, हे त्या कारकिर्दीत जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र दिसत नाही.

कुनिएदा यांच्या खुर्च्या जपानमधल्या चिबा शहरातील ओएक्स इंजिनिअरिंग या कंपनीने बांधल्या. या कंपनीचे मूळ सांगण्याजोगे आहे, कारण त्याचा परिणाम वस्तूच्या घडणीत दिसतो. संस्थापक शिगेयुकी इशिई हे मोटरसायकलींच्या व्यवसायातले. 1984 साली मोटरसायकलची चाचणी घेताना झालेल्या अपघातात त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली, आणि बाजारातल्या व्हीलचेअर पसंत न पडल्याने त्यांनी स्वतःसाठी खुर्ची बांधायला घेतली. पुढे कंपनीचा मुख्य उद्योगच तो झाला. रुग्णालयातल्या खुर्चीला मागे दोन मुठी असतात, कारण ढकलणारा माणूस तिथे गृहीत धरलेला असतो. टेनिसच्या खुर्चीला मुठी नसतात, ब्रेक नसतात, हात टेकायला जागा नसते, आणि पाठ इतकी बुटकी असते की खांदे व पाठीचा वरचा भाग पूर्ण मोकळा राहतो. खुर्चीत बसलेला माणूस स्वतः वाहन चालवणारा आहे, ही समजूत मोटरसायकलींच्या जगातून आलेल्या माणसाकडे आधीपासूनच होती, आणि मला वाटते या खुर्च्यांचे अर्धे यश त्या समजुतीत आहे.

आता मापाविषयी. या उत्पादनाचे मोल ठरवणारी सर्वांत महत्त्वाची बाब माप हीच आहे. सांगाड्याचा धातू, वजन, रंग, कंपनीचे नाव हे सगळे त्यानंतर येते. मागणी नोंदवताना नितंबांची रुंदी, मांडीची लांबी, गुडघ्यापासून तळपायापर्यंतचे अंतर, आणि धडाचे कोणते स्नायू अजून काम करतात याची माहिती द्यावी लागते. शेवटच्या मुद्द्यावर पाठीची उंची आणि बैठकीचा उतार अवलंबून असतो. पोटाचे स्नायू कमजोर असतील तर बैठकीची मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली ठेवतात, म्हणजे कंबर आत रुतते आणि धड पुढे कोसळत नाही. ज्यांचे धड मजबूत आहे त्यांना बैठक अधिक सपाट आणि उंच ठेवता येते. त्यामुळे चेंडू वरच्या उंचीवर गाठता येतो, सर्व्हिसलाही फायदा होतो, पण गुरुत्वमध्य वर गेल्याने वळताना तोल सांभाळण्याचे काम वाढते. कंबर, मांड्या आणि पाय पट्ट्यांनी बांधल्यावर शरीर आणि सांगाडा यांत बोटभर जागा उरली तरी ती खेळात जाणवते, कारण कंबर फिरवल्यावर खुर्ची त्याच क्षणी फिरण्याऐवजी आधी शरीर त्या रिकाम्या जागेत सरकते. सैल कपडे चालतात, सैल खुर्ची चालत नाही.

मापाचा हा आग्रह शरीराच्या वेगळेपणातून येतो. फ्रान्सचे स्टेफान उदे यांनी कुनिएदा यांना अनेक वर्षे कडवी लढत दिली. उदे यांचा एक पाय शस्त्रक्रियेने काढलेला आहे, मात्र त्यांच्या कमरेची ताकद शाबूत आहे, आणि म्हणून ते पुढच्या काळात गुडघ्यांवर टेकून बसता येईल अशा खास खुर्चीवर खेळले. कुनिएदा यांना तशी खुर्ची निरुपयोगी ठरली असती. एकाच गटात, एकाच कोर्टावर, एकमेकांसमोर खेळणाऱ्या दोन अव्वल खेळाडूंच्या बैठकीत इतका फरक असतो, म्हणून दुसऱ्याच्या मापाची खुर्ची स्वस्तात मिळते आहे या कारणाने घेऊ नये असे मी कळकळीने सांगते.

कुनिएदा यांचे बालपण चिबा प्रांतातल्या काशिवा शहरात गेले. त्यांचा जन्म 1984 चा. नऊ वर्षांचे असताना पाठीच्या कण्यातील गाठीमुळे त्यांच्या पायांतली शक्ती गेली. तोवर त्यांचे मन बेसबॉलमध्ये होते. अकराव्या वर्षी आईच्या सांगण्यावरून ते काशिवातल्याच योशिदा स्मृती टेनिस प्रशिक्षण केंद्रात जाऊ लागले. तिथे व्हीलचेअर टेनिस शिकवले जात होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. गावात केंद्र आहे, केंद्रात प्रशिक्षक आहे, आणि ज्या देशात 1985 पासून फुकुओका प्रांतातल्या ईझुका शहरात व्हीलचेअर टेनिसची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरत आली आहे, त्याच देशात उत्तम खुर्ची बांधणारा कारखानाही आहे: या तिन्ही गोष्टी एका मुलाच्या वाट्याला एकत्र आल्या. याच केंद्रात हिरोमिची मारुयामा यांनी त्यांना घडवले, आणि 2004 च्या अथेन्स पॅरालिम्पिकमध्ये ज्येष्ठ सहकारी सातोशी साइदा यांच्यासह कुनिएदा यांनी दुहेरीचे सुवर्ण जिंकले.

या खुर्चीचे पहिल्या नजरेत भरणारे वैशिष्ट्य म्हणजे मोठ्या चाकांचा कल, ज्याला खेळाडू कॅम्बर म्हणतात. रोजच्या वापरातल्या खुर्चीची चाके जवळजवळ उभी असतात. टेनिसच्या खुर्चीची चाके माथ्याशी आत आणि जमिनीशी बाहेर अशी सुमारे 20 अंशांनी झुकलेली असतात. त्यामुळे पाया रुंद होतो आणि पूर्ण वेगात एका अंगाला वळताना खुर्ची उलटत नाही. चाकांचे माथे शरीराजवळ येत असल्याने हात खांद्यापासून सरळ खाली जाऊन हँडरिमवर, म्हणजे चाक ढकलण्यासाठी त्याला बाहेरून जोडलेल्या कड्यावर, पडतात, आणि कोपरे बाहेर फेकावी लागत नाहीत. मोठ्या चाकांची आस शरीराच्या गुरुत्वमध्याच्या अगदी जवळ ठेवलेली असते, म्हणून खुर्ची जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरते. आस इतकी पुढे घेतल्यावर खुर्ची मागे पडण्याचा धोका निर्माण होतो, आणि तो टाळण्यासाठी मागच्या बाजूस एक छोटे आधारचाक असते. साध्या खुर्चीवरून उतरून या खुर्चीवर पहिल्यांदा बसणाऱ्याला ती अवखळ वाटते, सरळ रेषेत जायला तयारच नाही असे वाटते. हा दोष नाही. सरळ रेषेतली चाल हे टेनिसचे कामच नव्हे.

हे काम काय असते ते समजून घेण्यासाठी कुनिएदा यांचे जुने सामने पाहावेत आणि त्यात चेंडूकडे न पाहता चाकांकडे पाहावे. व्हीलचेअर टेनिस 1976 साली अमेरिकेत ब्रॅड पार्क्स यांच्या प्रयत्नांतून उभे राहिले. नियमांतला मुख्य फरक असा की चेंडूचे दोन टप्पे चालतात आणि दुसरा टप्पा कोर्टाबाहेर पडला तरी चालतो. खुर्ची ही खेळाडूच्या शरीराचाच भाग मानली जाते, त्यामुळे चालू खेळात चेंडू खुर्चीला लागला तर गुण जातो. दोन टप्प्यांच्या सवलतीमुळे हा खेळ संथ असेल अशी ऐकणाऱ्याची समजूत होते, परंतु अडचण वेगळीच आहे. उभा खेळाडू पाय आडवे टाकत बाजूला सरकू शकतो. चाकांना आडवे सरकणे अशक्य आहे. बाजूला जायचे तर आधी खुर्चीचे तोंड त्या दिशेला वळवावे लागते, फटका मारून झाला की पुन्हा वळून कोर्टाच्या मागच्या भागात यावे लागते, आणि हे करताना चाके थांबू द्यायची नसतात, कारण थांबलेली खुर्ची पुन्हा हलवण्यात जो क्षण जातो त्यात चेंडू निघून गेलेला असतो. कुनिएदा यांची खुर्ची कधीच थांबत नसे. फटका मारता मारताच त्यांचा मोकळा हात पुढच्या वळणासाठी हँडरिमवर आलेला असे, आणि प्रतिस्पर्ध्याने चेंडू कुठे मारायचा हे ठरवण्याआधीच ते त्या दिशेला जाण्याच्या तयारीत असत. दोन टप्प्यांची मुभा असतानाही चेंडू पहिल्याच टप्प्यानंतर घेण्याचे त्यांचे धाडस या चालीवर उभे होते.

ऑक्टोबर 2006 मध्ये ते प्रथम जागतिक क्रमवारीत अव्वल ठरले. 2008 च्या बीजिंग पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी एकेरीचे सुवर्ण मिळवले, आणि एकेरीत सलग 107 सामने जिंकल्यानंतर नोव्हेंबर 2010 मध्ये ॲमस्टरडॅमच्या मास्टर्स स्पर्धेत उदे यांनी ही साखळी तोडली. या काळातले त्यांचे खेळणे मी शिकाऊ खेळाडूंना आवर्जून दाखवते. खुर्ची चपळ असली की चपळाई आपोआप येते असे मानून महागडी खुर्ची घेणारे पुष्कळ भेटतात. खुर्ची वळायला तयार असते, पण कधी वळायचे हे तिला ठाऊक नसते.

एक अडचण कोणत्याही कारखान्याला अजून सोडवता आलेली नाही. ज्या हातात रॅकेट असते त्याच हाताने त्या बाजूचे चाकही ढकलावे लागते. बोटे रॅकेटच्या मुठीभोवती असतात, म्हणून तळहाताच्या खालच्या भागाने आणि मुठीच्या दाबाने हँडरिम ढकलले जाते. पकड अपुरी राहते, आणि मोकळ्या हाताची ताकद जास्त पडून खुर्ची एका बाजूला ओढू लागते. रबराचे आवरण असलेले हँडरिम घेतल्यास पकड सुधारते, परंतु त्यावर अंगठ्याच्या मुळाशी फोड येतात आणि वेगात चाक आवरताना तळहात भाजतो. एप्रिल-मेच्या उन्हात सिमेंटच्या कोर्टावर घामाने साधे धातूचे हँडरिम निसटत असल्यामुळे मी फोड पत्करून रबराचे आवरणच ठेवले आहे. थंड हवेत किंवा छताखाली खेळणाऱ्याने साधे घ्यावे.

बैठकीची उंची हा या परीक्षणातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे, आणि कुनिएदा यांच्या बॅकहँडचा, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या उलट बाजूला मारलेल्या फटक्याचा, विचार केल्याशिवाय तो नीट समजत नाही. व्हीलचेअरवरून एका हाताने टॉपस्पिन बॅकहँड, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा बॅकहँड, मारणे दीर्घकाळ अवघड, जवळपास अशक्य मानले जाई. टॉपस्पिनसाठी रॅकेट चेंडूच्या खालून वर यावी लागते, आणि बसलेल्या माणसाच्या बाबतीत नेमक्या त्या खालच्या जागेत त्याचे स्वतःचे गुडघे आणि चाक असते. शिवाय पायांचा जोर नसल्याने फटक्याचा सारा भार खांदा व कोपरावर पडतो. म्हणून बहुतेक खेळाडू बॅकहँडला चेंडू कापून परत पाठवीत, जो सुरक्षित असतो पण प्रतिस्पर्ध्याला वेळ देतो. कुनिएदा यांनी मारुयामा यांच्यासोबत हा टॉपस्पिन बॅकहँड घडवला, आणि त्या एका फटक्याने या खेळाचा वेग बदलला. खुर्चीच्या दृष्टीने पाहिले तर या फटक्याला उंच बैठक हवी असते, म्हणजे रॅकेटला चाकावरून जायला वाट मिळते. चालीला मात्र कमी उंचीची बैठक हवी असते, म्हणजे हाताला हँडरिमचा मोठा भाग सापडतो. या दोन मागण्यांत तडजोड करावीच लागते, आणि बैठक थोडीशी वर घेतल्यावरही माझा बॅकहँड सुधारला पण ढकलण्याचा टप्पा आखूड झाला, हे मला सरावात लगेच जाणवले. मागणी देण्यापूर्वी जाड-पातळ गाद्या बदलून, दोन्ही उंचींवर तासभर तरी खेळून पाहावे. गादी बदलता येते. वेल्डिंग केलेला सांगाडा बदलता येत नाही.

आणि कोपराचे काय? इथे खुर्चीचे श्रेय संपते. 2012 च्या सुरुवातीला कुनिएदा यांच्या उजव्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी लंडन पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी एकेरीचे सुवर्ण राखले. एप्रिल 2016 मध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाली, आणि रिओ पॅरालिम्पिकमध्ये ते उपांत्यपूर्व फेरीत बेल्जियमच्या जोआकिम जेरार यांच्याकडून हरले. साइदा यांच्यासह दुहेरीचे कांस्य मिळाले, एवढेच. 2017 हे वर्ष ग्रँड स्लॅम एकेरीच्या विजेतेपदाविना गेले. व्हीलचेअर वापरणाऱ्याचे हात हेच त्याचे पायही असतात. कोर्टावरून घरी गेल्यावरही दार उघडायला, पलंगावर जायला, गाडीत बसायला त्याच कोपराला आणि खांद्याला काम करावे लागते, त्यामुळे दुखऱ्या सांध्याला विश्रांती देणे ही आपल्यासाठी सोपी गोष्ट नाही. चांगली खुर्ची ढकलण्याचा भार हलका करते आणि त्या प्रमाणात सांधे वाचवते. फटक्याचा भार ती कमी करू शकत नाही. कुनिएदा यांनी बॅकहँडचे तंत्र बदलले, नव्या प्रशिक्षकासोबत काम केले, आणि 2018 मध्ये ऑस्ट्रेलियन व फ्रेंच या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. वयाच्या तिशीच्या मध्यावर, ज्या फटक्याने नाव मिळवले तो फटका मोडून नव्याने बांधायला बसणे, हा त्यांच्या कारकिर्दीतला मला सर्वांत आदरणीय वाटणारा भाग आहे. सलग 107 विजयांपेक्षाही.

त्यानंतरचे यश सर्वांना माहीत आहे. 4 सप्टेंबर 2021 रोजी टोकियोच्या आरिआके टेनिस पार्कमध्ये नेदरलँड्सच्या टॉम एगबेरिंक यांना 6-1, 6-2 असे हरवून त्यांनी आपल्या देशात पॅरालिम्पिकचे एकेरीचे सुवर्ण पुन्हा मिळवले. राहिले होते विम्बल्डन.

कोर्टाच्या पृष्ठभागानुसार ही खुर्ची किती वेगळी वागते हे खरेदीदाराला आधी कोणी सांगत नाही, म्हणून इथे थोडे थांबते. सिमेंटच्या किंवा सिंथेटिक कोर्टावर अरुंद, जास्त हवा भरलेली चाके उत्तम धावतात. मातीच्या कोर्टावर पुढची छोटी चाके रुततात, वळताना मोठी चाके घसरतात, आणि खुर्चीच्या बेअरिंगमध्ये धूळ जाऊन काही आठवड्यांत घरघर सुरू होते. आपल्याकडच्या जुन्या जिमखान्यांची मातीची कोर्ट या खुर्चीला मानवत नाहीत. तिथे खेळावे लागत असेल तर हवा थोडी कमी ठेवावी आणि पुढची चाके दर आठवड्याला काढून पुसावीत. गवतावर ही अडचण आणखी वाढते: चाकाला प्रत्येक ढकलीत अधिक रोध होतो, चेंडू खाली घसरत येतो, आणि चालीवर उभा असलेला खेळ जड होतो. गवतावरच्या विम्बल्डनमध्ये व्हीलचेअर एकेरी 2016 पर्यंत खेळवलीच जात नव्हती, केवळ दुहेरी होत असे. कुनिएदा यांच्या 28 एकेरी विजेतेपदांत ऑस्ट्रेलियाची 11, फ्रान्सची 8, अमेरिकेची 8 आणि विम्बल्डनचे केवळ 1 आहे, आणि ते एकमेव विजेतेपद जुलै 2022 मध्ये ब्रिटनच्याच अल्फी ह्यूएट यांच्याविरुद्ध पहिला सेट गमावून, तिसरा सेट टायब्रेकवर जिंकून मिळाले. 38 व्या वर्षी, ज्या पृष्ठभागावर त्यांचे सर्वांत मोठे शस्त्र, म्हणजे चाल, बोथट होते, तिथे त्यांनी जाळ्याकडे पुढे येऊन आणि चेंडू लवकर घेऊन प्रत्येक गुण लवकर संपवला. या विजयाने चारही ग्रँड स्लॅम आणि पॅरालिम्पिक सुवर्ण असे एकेरीचे वर्तुळ पूर्ण झाले. मार्च 2023 मध्ये जपान सरकारने त्यांना राष्ट्रीय सन्मान पुरस्कार दिला. पॅरा खेळाडूला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.

सुरक्षिततेबद्दल विक्रेते फारसे बोलत नाहीत. ज्या भागात संवेदना नाही तिथे पट्टा कापतो आहे हे कळत नाही, आणि घट्ट मापाच्या खुर्चीत तासन्तास बसल्याने नितंबांवर दाबाचे व्रण पडू शकतात, जे भरून यायला महिने लागतात. प्रत्येक सरावानंतर आरसा घेऊन किंवा घरच्या माणसाकडून त्वचा तपासून घ्यावी, लाली अर्ध्या तासात गेली नाही तर पट्ट्याची जागा किंवा गादी बदलावी. ब्रेक नसल्यामुळे खुर्चीत चढता-उतरताना ती भिंतीला टेकवावी, नाहीतर कोणीतरी धरून ठेवावी.

देखभाल मात्र आपल्याकडे वाटते तितकी कठीण नाही, एवढे धीराने सांगता येईल. टायरच्या बाजूवर मिलिमीटरमध्ये छापलेला आकडा पाहावा. 25 इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या व्हीलचेअरच्या चाकावर 559 हा आकडा असतो, आणि तो 26 इंची डोंगरी सायकलच्या चाकाशी जुळतो; 26 इंची व्हीलचेअरच्या चाकावर 590 असतो, आणि तो आपल्याकडच्या जुन्या धाटणीच्या 26 इंची सायकलींशी जुळतो. म्हणजे ट्यूब फुटली तर कोणत्याही पेठेतल्या सायकलच्या दुकानात काम चालून जाते. जास्त हवेचे अरुंद टायर मात्र बाहेरून मागवावे लागतात, तेव्हा एक जोडी जवळ ठेवावी. स्पोक ताणून घेण्याचे काम जुना सायकल कारागीर उत्तम करतो. एका गोष्टीला त्याला हात लावू देऊ नये: दोन्ही मोठी चाके जोडणारा आडवा दांडा. पुढची छोटी चाके वेगळ्या उंचीची बसवली की हा दांडा किंचित फिरतो, चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळतात, आणि 20 अंशांच्या कलामुळे तो फरक वाढून खुर्ची एकाएकी जड चालू लागते. खुर्ची जड झाली आणि हवा, बेअरिंग ठीक असली, तर दोन चाकांमधले अंतर आसेच्या उंचीवर पुढून आणि मागून फीतपट्टीने मोजावे. ते समान असायला हवे.

नेआण करताना चाकांचा कल आड येतो. जमिनीवरची रुंदी माथ्याकडच्या रुंदीपेक्षा सुमारे 40 सेंटिमीटरने वाढत असल्यामुळे घराच्या साध्या दारातून खुर्ची उभी जात नाही; बटण दाबून चाके काढावी लागतात. सांगाड्याची घडी होत नसल्याने रिक्षात ती मावत नाही, छोट्या मोटारीत मागची बाजू पूर्ण मोकळी करावी लागते. एका विमानप्रवासात माझ्या खुर्चीचे पुढचे चाक वाकून हाती आले, आणि तेव्हापासून मी चाके काढून, सांगाड्याला जुन्या गाद्या बांधून ती देते. रोजच्या वापराची खुर्ची वेगळी लागणारच, हा खर्चही हिशेबात धरावा.

किंमत लाखांच्या घरात जाते. कुनिएदा यांनी बीजिंगच्या सुवर्णानंतर 2009 मध्ये रेताकु विद्यापीठातली नोकरी सोडून व्यावसायिक खेळाडू होण्याचा निर्णय घेतला, तेव्हा जपानमध्ये व्हीलचेअर टेनिसवर पोट भरणारा खेळाडू नव्हता. त्याच वर्षी युनिक्लो कंपनीने त्यांना पाठिंबा दिला. त्या निर्णयामुळे पुढच्या खेळाडूंना प्रायोजकांपुढे उभे राहायला आधार मिळाला. भारतात बंगळुरूच्या बोनिफेस प्रभू यांनी या खेळाची वाट काढली आणि 2014 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तरी आपल्याकडचा बहुतेक खेळाडू खुर्ची स्वतःच्या किंवा एखाद्या देणगीदाराच्या पैशांतून घेतो. म्हणून माझा सल्ला थोडा कठोर आहे. पहिले वर्ष मंडळाच्या सामायिक खुर्चीवर, गाद्या आणि पट्ट्यांनी माप जुळवून खेळावे. आठवड्यातून तीनदा तरी सराव होत असेल, सर्व्हिस आणि वळणे हाताशी आली असतील, आणि सामायिक खुर्चीतली नेमकी कोणती गोष्ट आपल्याला अडवते हे सांगता येत असेल, तेव्हाच मापाची खुर्ची बांधून घ्यावी. अशा खेळाडूला ती पूर्ण पैसे वसूल करून देईल; चालीत जो फरक पडतो तो दुसऱ्या कोणत्याही खर्चाने पडत नाही.

मुलांच्या बाबतीत वेगळा विचार हवा. कुनिएदा यांच्या लंडनच्या सुवर्णपदकाच्या सामन्याचे चित्रण पाहून टेनिसकडे वळलेला तोकितो ओदा हा मुलगा नऊ वर्षांचा असताना हाडांच्या कर्करोगाने आजारी पडला होता. ऑक्टोबर 2022 मध्ये टोकियोच्या जपान ओपनच्या अंतिम सामन्यात त्याने कुनिएदा यांना तिसऱ्या सेटच्या टायब्रेकपर्यंत झुंजवले, 2023 मध्ये सतराव्या वर्षी फ्रेंच ओपन जिंकली, आणि 2024 मध्ये पॅरिस पॅरालिम्पिकचे एकेरीचे सुवर्ण मिळवले. इतक्या लहान वयात सुरुवात करणाऱ्या मुलाची मांडी आणि धड दर वर्षी वाढते, आणि मापाने बांधलेला सांगाडा वाढत नाही. त्यामुळे वाढत्या वयासाठी बैठकीची खोली, पायांच्या आधाराची उंची आणि आसेची जागा बोल्टने सरकवता येणारी खुर्ची घ्यावी, ती थोडी जड असली तरी चालेल. लहान झालेली खुर्ची विकण्याऐवजी मंडळाकडे द्यावी, आणि देताना तिच्या मापांची नोंद सांगाड्यावर कायमच्या शाईने लिहून ठेवावी, म्हणजे पुढचा मुलगा किंवा मुलगी त्यात बसते की नाही हे बसण्याआधीच कळते.